शेवटच्या बाकापर्यंत

प्रश्न साधा होता. नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मराठी मंडळीच्या पास्टरेट कमिटीपुढे ठराव आला: साउंड, कॅमेरा आणि लाइट सांभाळायला बाहेरचा माणूस महिन्याच्या पगारावर ठेवावा, की तरुण संघातली मुलंमुली आजवर करत आली तसंच पुढे चालू द्यावं? ठराव पुढच्या बैठकीवर गेला, पण वाद घरी आला, कारण ठरावाच्या बाजूने बोलणारे मामा आणि विरुद्ध बोलणारी त्यांची भाची एकाच वाड्यात राहतात. मामा निवृत्त मुख्याध्यापक, रविवारी गीतांना पेटी त्यांचीच. भाची बँकेत आहे, आणि रविवारी मिक्सरमागे. मी दोघांचाही स्नेही. चहा त्यांच्याकडचा प्यायलो आहे, तेव्हा निःपक्षपातीपणाचा आव आणत नाही.

मामा: माझं म्हणणं सरळ आहे. पगारी माणूस वेळेवर येतो, काम करतो, चुकला तर त्याला बोलता येतं. तुमच्यातल्या एखाद्याला ‘बाबा रे, आज आवाज फुटत होता’ एवढं म्हटलं, की पुढचे दोन रविवार तो दिसत नाही.

भाची: तुम्ही तसं म्हणत नाही, मामा. तुम्ही गीत चालू असताना पेटीवरून मान वळवून मागे बघता. मग सगळी मंडळी मागे बघते.

मामा: बघावं लागतं. माझी पेटी मलाच ऐकू येत नाही.

भाची: कारण झांजवाले काका तुमच्या शेजारी बसतात. झांजेला आम्ही माइक दिलेलाच नाही, तरी ती तुमच्या माइकात शिरते, तबल्याच्या माइकात शिरते. तुमची पेटी वाढवली की झांजही वाढली. बाहेरचा माणूस काय करील? पेटीचा फेडर वर करील, शिट्टी वाजली की खाली आणील. मी काय केलं? काकांना पलीकडच्या कोपऱ्यात बसवलं. हे त्यांना सांगायला मीच लागते. मंडपवाल्याच्या पोराचं ते ऐकतील?

मामा: माझं तरी कुठे ऐकतात!

भाची: आणि प्रत्येक गायकाला वेगळा माइक द्या, असं तुम्हीच कमिटीत म्हणालात. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी वाजायच्या आधी जी जागा उरते ती तीन डेसिबलने घटते. दोनाचे चार झाले, चाराचे आठ झाले, की सहा डेसिबल गेले. क्वायरला दोन माइक पुरतात. चार पावलं जवळ उभं राहा, एवढंच.

मामा: हे सगळं तंत्र आहे. तंत्र पैसे देऊन मिळतं. माझा आक्षेप त्याच्या पलीकडचा आहे. तुम्ही सहा जणं उपासनेत असून नसता. गीत चालू आहे आणि तुझे डोळे त्या हिरव्या-तांबड्या दिव्यांवर. उपदेश चालू आहे आणि कॅमेऱ्याजवळचा पोरगा ‘थोडा डावीकडे घे’ म्हणून खुणा करतोय. मंडळी प्रार्थनेत डोळे मिटते, तुमचे उघडे. ही पोरं आपण चर्चला उपासनेसाठी आणली की कामाला लावायला? पगारी माणसाचा आत्मा त्याच्या चर्चमध्ये असो नाहीतर देवळात, आपण त्याच्या वेळेचे पैसे देतो. पण आपली पोरं आपली आहेत.

हा आक्षेप मला फार वजनदार वाटला, आणि भाचीलाही वाटला असावा, कारण ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने वाट बदलली.

भाची: गुड फ्रायडे घ्या. बारा ते तीन, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. पहिले माइक जवळजवळ गिळतात. दुसऱ्या बाई तो हातभर लांब धरतात. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि त्या तर चौपट लांब असतात. तिसरे तुम्ही. तुम्ही म्हणता ‘मला माइक लागत नाही’ आणि बाजूला सरकता. चौथ्या उद्गाराला पाळकसाहेब मुद्दाम आवाज खाली आणतात, कुजबुजीपर्यंत, आणि तीच त्या तीन तासांतली सगळ्यात मोलाची दोन मिनिटं असतात. वर एप्रिलचं ऊन, पंखे पूर्ण वेगात, आणि पुलपिटाच्या बरोबर डोक्यावर एक पंखा. त्याचा वारा माइकात घरघरतो. मी त्या चौथ्या उद्गाराआधी तो एक पंखा बंद करते. कुणाला कळतही नाही. बाहेरच्या माणसाला पाळकसाहेब कुजबुजणार आहेत हे कुठून ठाऊक असणार?

मामा: एकदा सांगितलं की कळेल.

भाची: सगळं सांगता येत नाही. साक्ष द्यायला कोणती आजी उठेल आणि कुठून बोलेल, हे कुणी आधी सांगतं का? प्रार्थनेत माझे डोळे उघडे असतात ते त्यासाठी. ती उठायला लागली की माइक घेऊन आमचा एक जण तिच्या बाकाकडे निघालेला असतो.

मामा: आमच्या वेळी आजी बोलायची आणि मंडळी गप्प बसून ऐकायची. नहेम्या वाच. एज्रा शास्त्र्याने पाणीवेशीसमोर पहाटेपासून दुपारपर्यंत वाचलं. कुठला माइक होता?

भाची: आठवा अध्याय ना? मीही वाचलाय. त्याच्यासाठी लाकडी मंच मुद्दाम बनवून घेतला होता, म्हणजे तो सगळ्यांना दिसावा ही काळजी कुणीतरी आधी घेतली होती. आणि लोकांना समजावत फिरणाऱ्यांची तेरा नावं दिली आहेत. तो मंच करणारा सुतार आणि ते तेरा जण म्हणजे आमचीच टीम. सुताराचं नाव मात्र दिलेलं नाही.

मामा हसले. वादात हसू आलं की तो पुढे जातो. मीही मग तोंड घातलं: चर्चमध्ये आवाजावरून होणारी बहुतेक भांडणं ‘मोठा की लहान’ अशी असतात, आणि खरा प्रश्न जवळजवळ कधीच तो नसतो. शब्द कळतो का, हा असतो. दगडी भिंती आणि शहाबादी फरशी यांवरून आवाज परतत राहतो. एक शब्द विरायच्या आत पुढचे चार येऊन त्यावर बसतात. हार्वर्ड विद्यापीठात १८९५मध्ये वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे नेमकं हेच दुखणं आलं. नव्या व्याख्यानगृहात काही केल्या ऐकू येत नव्हतं. त्याने जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, मोजायचं, सकाळपर्यंत परत नेऊन ठेवायच्या, असं करत करत शोधून काढलं की आवाज विरायला साडेपाच सेकंद लागताहेत. पुढे त्यातून खोलीचं आकारमान आणि आत असलेल्या शोषक वस्तू यांचं गणित तयार झालं, आणि आजही सभागृहं त्याच पायावर बांधली जातात. त्याला हेही आढळलं की माणसाचं अंग आवाज चांगलाच शोषतं.

भाची: म्हणून शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये केलेलं चेकिंग रविवारी खोटं ठरतं. शनिवारी घुमत असतं, रविवारी बाकं भरली की बरंच खाली बसतं. आणि पावसाळ्यात निम्मी मंडळी आली की पुन्हा घुमायला लागतं. नवा माणूस शनिवारी बटणं लावून निश्चिंत होतो.

मामा: मग घुमत असेल तर आवाज वाढवा.

भाची: वाढवला की घुमणंही वाढतं! उलट करायचं. पुढचे दोन मोठे स्पीकर कमी करायचे आणि मधल्या खांबांवर दोन छोटे लावायचे, लोकांच्या कानाजवळ. फक्त त्यांना थोडं उशिरा बोलायला लावायचं. आवाज एका सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे वीस मीटरवरच्या खांबापर्यंत पुढचा आवाज पोहोचायला जवळजवळ साठ मिलिसेकंद लागतात. खांबावरचा स्पीकर तेवढा थांबला नाही तर मागच्या बाकावर प्रत्येक शब्द दोनदा येतो. मिक्सरमध्ये तो आकडा टाकायची सोय असते. एकदा टाकला की झालं.

मामा: हे तू कुठे शिकलीस?

भाची: बघून, वाचून, आणि चुका करून. पगारी माणूसही असाच शिकलेला असतो, फक्त दुसऱ्यांच्या लग्नात.

मग गोष्ट दिव्यांवर आली. दिव्यांबद्दल मला वाटलं होतं की भाची आता रंगीत एलइडी, धूर, फिरते झोत वगैरेची बाजू घेईल आणि मामा तुटून पडतील. मामा तयारच होते.

मामा: आणि ते जांभळे-निळे दिवे? नाताळच्या कार्यक्रमाला भाड्याने आणले होते ते? मला वाटलं चुकून रिसेप्शनला आलो.

भाची: ते तरुण संघाने आणले होते, मी नाही म्हणत होते. जांभळ्या उजेडात आपल्या रंगाच्या माणसाचं तोंड कॅमेऱ्यावर भाजल्यासारखं दिसतं. मला दोन साधे पांढरे दिवे हवेत, पुलपिटाच्या दोन्ही बाजूंनी, थोडे उंचावर आणि तिरके, म्हणजे डोळ्यांखाली सावली पडत नाही. कमी ऐकू येणारी माणसं ओठांकडे बघून निम्मं समजून घेतात. त्यांच्यासाठी तोंडावर उजेड हवा. आणि तुमच्या ट्यूबलाइट्स, मामा, कॅमेऱ्यावर लुकलुकतात. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. कॅमेऱ्याचं शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या हिश्श्यावर ठेवलं की ते थांबतं. याला एक पैसा लागत नाही.

मामा: म्हणजे दिव्यांचे पैसे वाचले.

भाची: ते मला इंडक्शन लूपला हवे आहेत. जमिनीकडेने एक तार फिरवायची. ज्यांच्या श्रवणयंत्रात ‘टी’चं बटण आहे त्यांना पुलपिटावरचा आवाज थेट कानात येतो, घुमणं नाही, पंखा नाही. इंग्लंडमध्ये अनेक चर्चमध्ये असतो. आपल्याकडे श्रवणयंत्र लावणारे किती जण आहेत ते आम्ही विचारून आलोय.

इथे मामांनी पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पडद्याचा विषय दोघांनीही भराभर उरकला. मामांना ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक हातात धरायचं असतं, कारण त्यात गीताची चाल दिलेली असते आणि पडद्यावर ती नसते. भाचीचं म्हणणं, पडदा असला की तोंड वर येतं आणि गाणं मोठं होतं. तिची तक्रार वेगळीच आहे: जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली गीतं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो, आणि युनिकोडमध्ये असली तरी काही सॉफ्टवेअर जोडाक्षर तोडतं. नेमकं ‘ख्रिस्त’ तुटलं आणि सगळी मंडळी ते बघत गात राहिली, असं एका ईस्टरला घडलंय. यावर उपाय एकच: प्रत्येक पान आदल्या दिवशी, त्याच पडद्यावर, मराठी नीट वाचणाऱ्या माणसाने बघायचं. ‘हे काम मी घेतो,’ मामा म्हणाले. शुद्धलेखन तपासायची संधी निवृत्त मुख्याध्यापक सोडत नाहीत.

कॅमेऱ्यावर मात्र दोघं खरोखर भिडले.

मामा: २०२०च्या टाळेबंदीत तुम्ही उपासना घरोघर पोहोचवली, मी कौतुकच केलं. पण टाळेबंदी उठली आणि कॅमेरा राहिला. आता धडधाकट माणसं घरी पोहे खात उपासना बघतात. कॅथलिक लोकांनी १९६३मध्येच व्हॅटिकनच्या परिषदेत लिहून ठेवलं, की रेडिओ-टीव्हीवर विधी दाखवायचे तर संयमाने आणि प्रतिष्ठा राखून, आणि बिशपांनी नेमलेल्या योग्य माणसाच्या देखरेखीखाली. आपल्याकडे कोण नेमलंय? ज्याच्या हातात फोन असेल तो!

भाची: पोहे खाणाऱ्यांसाठी मी कॅमेरा बंद करणार नाही. गेल्या वर्षी दफनविधी झाला, मुलगा दुबईत, रजा मिळाली नाही. त्याने बापाला माती देताना फोनवर पाहिलं. त्याचं काय? आणि अंथरुणाला खिळलेल्यांचं काय? कॅथलिकांनी तर टीव्हीची पालक म्हणून संत क्लारा नेमली, १९५८मध्ये, कारण ती आजारपणात खोलीतूनच उपासना भिंतीवर पाहत होती अशी कथा आहे.

मामा: अंथरुणावरच्यांसाठी माझी हरकत नाही. पण प्रार्थनाविनंत्या? अमक्याला कर्करोग, तमकीचा नवरा दारू पितो, फलाण्याच्या मुलीचं लग्न मोडलं. हे आपण मंडळीत सांगतो कारण ती मंडळी आहे. तेच जगभर जातं आणि कायमचं राहतं. एखाद्याचा बाप्तिस्मा त्याच्या घरी अजून ठाऊक नसतो, आणि तुमच्या कॅमेऱ्यात तो पहिल्या रांगेत दिसतो. उद्या त्याला त्रास झाला तर कोण उत्तर देणार?

मला वाटतं, या एका मुद्द्यावर मामांनी वाद जिंकला असता, जर भाचीने त्यावर आधीच काम केलेलं नसतं.

भाची: म्हणूनच विनंत्यांच्या वेळी बाहेर जाणारा आवाज आम्ही बंद करतो. मिक्सरमधून स्ट्रीमसाठी वेगळी वाट काढलेली असते. चर्चमध्ये ऐकू येतं, बाहेर नाही. कॅमेरा तेवढा वेळ वेदीवर. पहिल्या दोन रांगा आम्ही कधीच घेत नाही, मुलांचे चेहरे जवळून घेत नाही, प्रभुभोजन घेणाऱ्याचा चेहरा तर नाहीच. पण मामा, विनंत्या नेहमी ठरल्या वेळी येत नाहीत. उपदेशाच्या मधेच एखादी बाई रडत उठते. त्या क्षणी आवाज तोडायचा की नाही, हे दोन सेकंदांत ठरवायचं असतं. ती कोण, तिच्या घरी काय चाललंय, हे ज्याला माहीत त्यालाच ते ठरवता येतं. पगारी माणूस अशा वेळी कॅमेरा जवळ नेईल. त्याला वाटेल, चांगला शॉट मिळाला.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी वाचनातलं काढलं, कारण ते हरायला लागले की वाचनातलं काढतात.

मामा: चर्चमधली उपासना रेडिओवर पहिल्यांदा गेली ती १९२१च्या जानेवारीत, पिट्सबर्गच्या कॅल्व्हरी चर्चमधून, केडीकेए स्टेशनवर. यंत्र सांभाळायला आलेल्या दोघा इंजिनियरांना क्वायरचे झगे घालायला दिले होते, मंडळीचं लक्ष जाऊ नये म्हणून. त्यांतला एक ज्यू होता, एक कॅथलिक. चर्चचा एकही नाही! आणि उत्तम झालं.

भाची: पण तेच चर्च का निवडलं? कारण त्या कंपनीतला एक इंजिनियर त्याच क्वायरमध्ये गात होता. वाट त्याने दाखवली. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

मामा: अर्धं.

भाची: चला, अर्धं.

मामा: मग उरलेलं अर्धं ऐक. बँक तुझी बदली करील तेव्हा? सगळं तुझ्या डोक्यात आहे. थर्टीफर्स्टच्या वॉचनाइटला आवारातला स्पीकर दहा वाजता कोण बंद करतं? तू. नियम कुणाला पाठ आहे? तुला.

भाची: रात्री दहा ते सकाळी सहा बाहेर लाउडस्पीकर नाही, हा २०००चा केंद्राचा नियम; वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, ती आहे की नाही ते पोलीस ठाण्यात विचारायचं. बंद सभागृहात आतल्यापुरतं चालतं. बघा, बोलले की नाही पाठ.

मामा: तेच म्हणतोय. आणि वायरी? परवा एक पोरगा लांब वायर कोपर आणि अंगठ्याभोवती गच्च गुंडाळत होता. आतली तार पिळून तुटते, हे मला पेटीवाल्यालाही कळतं. एकाने थ्री-पिनची अर्थिंगची पिन मोडून टाकली, गुणगुण थांबते म्हणून. गुणगुण थांबेल, पण एखाद्या दिवशी माइक धरणाऱ्या पाळकांना शॉक बसेल. तुमच्या सेवाभावाने वीज थांबत नाही.

भाची यावर मुकाट्याने मान हलवत राहिली. तिने मिक्सरच्या प्रत्येक चॅनलखाली मराठी चिठ्ठ्या लावल्या आहेत, ‘पाळक’, ‘पेटी’, ‘तबला’, ‘साक्ष’, आणि एक वहीही ठेवली आहे. पण चिठ्ठी वाचून कुणी बटण शोधेल. चौथ्या उद्गाराआधी पंखा बंद करायचा हे चिठ्ठीवर मावत नाही. ते शेजारी बसूनच शिकावं लागतं.

आता माझं मत. काम मंडळीतल्या माणसांनीच करावं, कारण या कामात यंत्रापेक्षा माणसं ओळखणं जास्त लागतं, आणि ते विकत मिळत नाही. पण मामांची भीतीही खरी आहे, म्हणून अटी घालून. वीज, अर्थिंग आणि उंचावर टांगलेले स्पीकर यांसाठी परवानाधारक वायरमन, पैसे देऊन, दरवर्षी. तिथे स्वयंसेवक नको. शिडीवर अठराच्या आतलं कुणी नको. काय बाहेर दाखवायचं नाही याचा कमिटीचा लेखी ठराव हवा, तो मुलांच्या विवेकावर सोडू नये. पैसे आले तर आधी चांगल्या वायरी आणि दोन चांगले माइक, मग खांबावरचे स्पीकर, मग लूप, मग कॅमेरा, आणि दिवे सगळ्यांत शेवटी. आणि टीम दोन हव्यात, एकाआड एक रविवारी, म्हणजे ज्याने गेल्या रविवारी मिक्सर सांभाळला तो या रविवारी आईबापांशेजारी बसून डोळे मिटू शकेल.

तुम्ही एखाद्या मंडळीच्या कमिटीवर असाल तर येत्या बैठकीत एवढंच विचारा: आपला मिक्सर चालवता येणारी माणसं किती? उत्तर ‘एक’ असेल, तर यंत्राची खरेदी पुढे ढकला आणि आधी दुसरा माणूस शोधा. नाताळला वेळ आहे तोवर शोधा.